सत्त्याऐंशी नंबरचं खोकं

सांगतो, पण आधीच बजावून ठेवतो, यातलं एक अक्षर तुम्हाला पटणार नाही. तूवूंबाच्या अर्ध्या गावाने हे डोळ्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाही पटलं नाही. ट्रेव्हर, तू तर बेंडिगोचा, त्यातून जन्मभर बँकेत बसलेला. तुला पटायची आशाच नको. खुर्ची सावलीत ओढ आणि ऐक. माझी बेरिल कपडे धुवायला गेलीय. मशीन थांबेपर्यंत आपल्याला मोकळीक आहे.

ती समोरची पवनचक्की बघितलीस? या कॅराव्हॅन पार्कच्या टाकीत पाणी पडतं ते तिच्या जिवावर. वर पाती फिरतात ती सगळ्यांना दिसतात. पण खाली, बोअरच्या पोटात, पंपाच्या दांड्याला चामड्याची एक वाटी बसवलेली असते, तळहाताएवढी. तो वायसर. वायसर चांगला, तर गुरं जगली. तो फाटला की पाती गरगरोत नाहीतर उडून जावोत, पंप नुसती हवा पितो, आणि तिकडे पश्चिमेला चार्लव्हिलच्या पलीकडे कोणीतरी कोरड्या हौदाशी उभा राहून आमच्या कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

तूवूंबाच्या त्या पंपांच्या कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायचं काम माझ्याकडे होतं. लोक म्हणायचे, क्लेमला काय, खुर्चीवर बसून वायसर ताणायचे! बसून बघा म्हणावं एकदा.

"सगळे वायसर तपासायचास?" ट्रेव्हरने विचारलं.

हे बघ, बँकेतला प्रश्न. अरे बाबा, वायसर तपासायचा म्हणजे पाण्यात भिजवायचा, वाकवायचा, चिमटा लावून ताणायचा. एकदा असा ताणलेला वायसर पंपात घालायच्या लायकीचा राहत नाही. सगळेच तपासले तर पंपात काय घालू, माझी टोपी? शितावरून भाताची परीक्षा करायची. नव्वद खोक्यांचा माल आला, त्यातली काही खोकी उघडायची, प्रत्येकातून मूठभर वायसर घ्यायचे. त्यात दोन खराब निघाले तर चालतील. तिसरा निघाला की सगळा माल आल्या पावली परत. हा हिशोब ब्रिस्बेनच्या मुख्य कचेरीतल्या पेंगेलीने घालून दिला होता. पेंगेलीला साहेब म्हटलेलं फार आवडायचं, म्हणून आम्ही कोणी म्हणायचो नाही. त्याचा आणखी एक नियम होता. एका वर्षात तीनदा माल परत गेला की त्या माणसाचं नाव कायमचं कटाप.

नियम चांगलाच होता. घोटाळा एवढाच झाला की वायसर पुरवायला मर्व्ह आला. मर्व्ह म्हणजे बेरिलचा धाकटा भाऊ.

तुला मेहुणे आहेत, ट्रेव्हर?

"दोन."

मग तुला जास्त समजावत बसत नाही. मर्व्हने आधी मधमाश्या पाळल्या, त्या त्याला सोडून गेल्या. मग शहामृगासारखे आपले एमू पाळले, ते कुंपण घेऊन गेले. शेवटी त्याने कातडी कमवायची शेड घातली आणि आमच्या कारखान्याच्या एका ऑर्डरवर सगळा डोलारा उभा केला. ऑर्डर गेली असती तर शेड बंद, आणि मर्व्ह आमच्या मागच्या खोलीत मुक्कामाला. ब्लूई नावाच्या त्याच्या कुत्र्यासकट. बेरिलने खोली झाडून पडदेसुद्धा लावून ठेवले होते. जाता-येता मी ते दार ओढून घ्यायचो. मर्व्ह घोरायचा, ट्रेव्हर. मर्व्ह घोरायला लागला की शेजारचे लोक दोरीवरचे वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर पळायचे, त्यांना वाटायचं गडगडतंय.

तर मर्व्हचा पहिला माल आला. मी प्रामाणिकपणे वरून, खालून, मधून खोकी काढली. खराब वायसर निघाले ढिगाने. माल परत. रविवारी आमच्याकडे मटण भाजलेलं असतं, बटाटे, ग्रेव्ही, सगळं. त्या रविवारी मर्व्हच्या ताटात मटण पडलं, ब्लूईच्या ताटात हाडूक पडलं, माझ्या ताटात एक बटाटा.

"ग्रेव्ही?" मी विचारलं.

"तपासायला पाठवलीय," बेरिल म्हणाली. "आली परत की वाढते."

दुसरा माल आला. तोही परत. यावेळी बटाटाही नव्हता. मर्व्ह माझ्याकडे न बघता ब्लूईला म्हणाला, "बाबा रे, आपल्या घरातच आपला वैरी बसलाय." आणि ब्लूईने माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मीच मान खाली घातली.

आता उरला एक फटका. तिसऱ्यांदा परत गेला की मर्व्ह मागच्या खोलीत.

मी पेंगेलीला फोन लावला. म्हटलं, माझ्या बायकोचा भाऊ आहे, हा माल दुसऱ्या कोणाला तपासू दे. तो म्हणाला, "दुसरा माणूस नाही. पण तू हाताने खोकी निवडू नकोस. माणसाचा हात आळशी असतो, सोयीचंच खोकं उचलतो. त्यातून मेहुण्याचा माल! चांगलं निवडलंस तर लबाड ठरशील, वाईट निवडलंस तर घर मोडेल. निवड नशिबावर सोड. नव्वद चिठ्ठ्या टाक आणि डोळे मिटून काढ."

चिठ्ठ्या कोण कापत बसतो? क्रिकेट क्लबात दर गुरुवारी हाउजी व्हायची. त्यांच्याकडे जाळीचा पिंप होता, नव्वद गोळ्यांचा, हँडल फिरवलं की एकेक गोळा बाहेर पडणारा. मी तो मागून आणला. नव्वद खोकी, नव्वद गोळे. जो नंबर पडेल ते खोकं उघडायचं. याहून सरळ काम जगात आहे का?

तिसरा माल आला. पिंप फिरवला, खोकी उघडली. एक वायसर खराब नाही! चौथा माल, पाचवा माल, तोच प्रकार. सगळे वायसर बाळाच्या गालासारखे. मी एक तपासायचो, दुसरा तपासायचो आणि मनात म्हणायचो, पोरगं सुधारलं. ताटात मटण आलं, ग्रेव्ही आली, एका रविवारी पुडिंगसुद्धा आलं.

आणि मग नेव्ह आला.

नेव्ह म्हणजे आमचा फोरमन. पंप जुळवायची सगळी लाइन त्याच्या ताब्यात. पाच फूट उंचीचा माणूस, पण आवाज बोअरवेलमधून यावा तसा. त्याने माझ्या टेबलावर एक खोकं आपटलं.

"हे काय आहे?"

"खोकं."

"आत काय आहे?"

मी बघितलं. वरपासून खालपर्यंत कुजके वायसर. त्यातून चहा गाळता आला असता.

"तू पास केलेला माल आहे हा," नेव्ह ओरडला. "हौदावर लावलेले पंप एकामागून एक हवा पितायत! तुझ्या नमुन्यात कधी एक वायसर खराब निघत नाही, आणि माझ्याकडे आख्खं खोकं कुजलेलं! मेहुण्याच्या मिठाला जागतोयस का रे?"

"मी पिंप फिरवतो, नेव्ह. सगळ्यांसमोर फिरवतो."

"मग पिंपात मेहुणा बसलाय!"

मी मर्व्हकडे गेलो. तो शेडमध्ये कातडं ताणत होता.

"मर्व्ह, एका खोक्यात मुद्दाम कचरा भरतोस का?"

त्याने हातातली सुरी खाली ठेवली. "क्लेम, माझ्याकडे नीट बघ. खोक्याखोक्यांत वेगळा माल भरायला डोकं लागतं. माझ्याकडे आहे?"

मी नीट बघितलं. खरंच नव्हतं.

घरी आलो तर बेरिल दारात. मर्व्हने आधीच फोन केलेला. "माझ्या भावाला चोर म्हणालास?" मी म्हटलं, चोर नाही म्हणालो, कचरा म्हणालो. त्यानंतर काय झालं ते सोड, मशीन अजून चालूच आहे ना? बरं.

इकडे नेव्ह, तिकडे मर्व्ह, घरात बेरिल. नमुना म्हणतो माल सोन्यासारखा, लाइन म्हणते शेणासारखा, आणि दोन्ही खरं! डोकं फुटायची वेळ आली, ट्रेव्हर. माल वाईट असता तर वाईट म्हटलं असतं, चांगला असता तर चांगला. हा माल मी तपासायला गेलो की चांगला व्हायचा आणि पाठ वळवली की वाईट!

पुढच्या मालाला नेव्हने पुन्हा खोकं आपटलं. त्याच्या पुढच्यालाही. तेव्हा कुठे माझं लक्ष झाकणावरच्या नंबरकडे गेलं. सत्त्याऐंशी. आधीचंही सत्त्याऐंशी. कोपऱ्यात फेकलेलं पहिलं खोकं उलटं करून बघितलं, सत्त्याऐंशी.

मी पिंप उघडून गोळे जमिनीवर ओतले. पंच्याऐंशी होता, शहाऐंशी होता, अठ्ठ्याऐंशी होता. सत्त्याऐंशी नव्हताच!

तडक क्लबात गेलो. सेक्रेटरी बाटल्या मोजत होता.

"सत्त्याऐंशीचा गोळा कुठाय?"

त्याने लाकडी फळीला हात लावला. "तो नंबर मोठ्याने उच्चारू नकोस. शंभराला तेरा कमी, सैतानाचा नंबर. आमची पोरं त्याच धावसंख्येवर तीनदा बाद झाली. तिसऱ्यांदा कप्तानाने पिंपातून गोळा काढला आणि मैदानापलीकडच्या ओढ्यात भिरकावला."

"आणि हाउजी? लोकांच्या तिकिटावर तो नंबर असतो की!"

"असतो. मिसेस ट्रेगारथन त्या एका नंबरासाठी थांबल्या होत्या बिचाऱ्या. वारल्या."

"कोणी तक्रार नाही केली?"

"तक्रार? हाउजी आहे ती. नंबर नाही आला तर माणूस नशिबाला बोल लावतो, पिंपाला कशाला लावेल?"

"बरं, गोळा नव्हता हे समजलं," ट्रेव्हर मध्येच म्हणाला. "म्हणून ते खोकं कधी उघडलं गेलं नाही. पण सगळे खराब वायसर नेमके त्याच खोक्यात कसे? मर्व्हने तर सरमिसळ भरले होते."

शाबास! बँक जागी झाली. हाच प्रश्न मला पडला होता. मी बेरिलची नखं रंगवायची लाल बाटली घेतली, एका कुजक्या वायसरवर ठिपका दिला आणि तो तीन नंबरच्या खोक्यात खाली दडपला. गोदामाला कुलूप लावलं, किल्ली खिशात. सकाळी तीन नंबर उघडलं. ठिपकेवाला गायब. सत्त्याऐंशी उघडलं, हा वर बसलाय, ठिपका वर करून!

असा बघू नकोस. तू शहरातला, तुला गुरं माहीत नाहीत. चामडं कशाचं असतं? डार्लिंग डाउन्सच्या माळावरच्या गुरांचं. हजार एकराला कुंपण घाल, आणि त्यात एकच भोक ठेव, कुठेही, झुडपाआड. सकाळपर्यंत कळपातलं प्रत्येक ओढाळ जनावर त्या भोकाशी असणार. शहाणी गुरं चरत बसतात, ओढाळ तेवढी तिथे जातात. कातडं काढलं म्हणून सवय जाते का? आमच्या तपासणीच्या कुंपणाला एक भोक होतं, सत्त्याऐंशी नंबरचं. खराब वायसरांनी ते हुंगून काढलं.

"वायसरांनी हुंगलं," ट्रेव्हर म्हणाला.

आधीच सांगितलं होतं, पटणार नाही. पण माझा वैताग बघ ना! आता करू काय? सत्त्याऐंशीचा गोळा पिंपात घातला तर भोक बंद, खराब वायसर पुन्हा सगळीकडे पसरणार, नमुन्यात सापडणार, माल तिसऱ्यांदा परत, मर्व्ह मागच्या खोलीत. गोळा नाही घातला तर पंप हवा पिणार आणि पश्चिमेकडची गुरं तडफडणार. शेवटी मी म्हटलं, सोपं आहे. पुढचा माल आला की एक रात्र गोदामात ठेवायचा, ओढाळ सगळे सत्त्याऐंशीत जमू द्यायचे, सकाळी ते खोकं उचलून जाळायचं आणि मग काय ती तपासणी करायची.

माल आला. रात्र गेली. सकाळी मी जाळायला रॉकेलचा डबा घेऊन गोदामात शिरतो, तर समोर पेंगेली! नेव्हने ब्रिस्बेनला तक्रार केली होती. शेजारी नेव्ह हाताची घडी घालून, आणि दारात मर्व्ह, ब्लूईला घेऊन, चेहरा पिठासारखा.

"रॉकेल कशाला?" पेंगेलीने विचारलं.

"हात धुवायला," मी म्हटलं.

"गोळे मोजले मी. एक कमी आहे." त्याने खिशातून गोल्फचा चेंडू काढला. वर शाईने लिहिलेलं, सत्त्याऐंशी. "नशिबाचं दार एक जरी बंद ठेवलं, तर ते नशीब राहत नाही, क्लेम. ती वशिल्याची वाट होते."

बोलला ते खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला. त्याने चेंडू पिंपात टाकला आणि कडी लावली.

कडी वाजली आणि मागे खोक्यांच्या थप्पीत काहीतरी हललं.

"उंदीर," नेव्ह म्हणाला.

उंदीर नव्हता. कुंपणातलं भोक बुजलं हे सत्त्याऐंशी नंबरला कळलं होतं. पेंगेलीने हँडल फिरवलं. मर्व्हने डोळे मिटले. मला ते पडदे दिसायला लागले, निळ्या फुलांचे. पहिलाच गोळा बाहेर पडला, गोल्फचा चेंडू.

आणि खोकं हंबरलं!

खोटं सांगत असेन तर ही बीअर गरम होऊ दे. हंबरलं, थरथरलं, झाकण उडालं, आणि आतून वायसरांचा कळप सुटला. काठावर उभे राहून, घरंगळत, एकामागून एक, धूळ उडवत! पेंगेलीच्या दोन पायांमधून पहिला गेला, लाल ठिपक्याचा. नाही नाही, तो मागच्या मालातला, हा दुसरा होता, पण पुढारीच वाटत होता. नेव्ह दारात आडवा झाला, त्याला तुडवून गेले. रस्त्यावर आले, वळले आणि घाट उतरायला लागले. तूवूंबाचा तो घाट, तिथे ट्रकचे ब्रेक जळतात, तिथे घरंगळणाऱ्या वायसराला काय लागतं!

"ब्लूई!" मर्व्ह किंचाळला. "बाहेरून घे! बाहेरून!"

जन्मभर त्या कुत्र्याने काही कामाचं केलं नव्हतं, पण त्या दिवशी त्याच्या रक्तातलं जागं झालं. कळपाच्या बाजूने वाऱ्यासारखा धावला, कडेचे आत ढकलले, मागे पडलेल्यांच्या टाचेला चावला. टाच कुठली म्हणतोस? तेच तर कौतुक, त्याला सापडली. दुधाची गाडी थांबली, शाळेची बस थांबली, सारजंट रस्त्यात हात वर करून उभा राहिला आणि मग शहाण्यासारखा बाजूला झाला. घाटाखाली विथकॉटच्या ओढ्यावर ब्लूईने सगळे गोळा करून बसवले. पाणी प्यायले म्हणतात.

इकडे गोदामात धूळ खाली बसली. पेंगेली टाय सरळ करून उभा. तो हाडाचा नियमाचा माणूस. म्हणाला, "सत्त्याऐंशी नंबर निघालाय. तपासा."

मी खोकं त्याच्यासमोर उलटं केलं. रिकामं.

"यात खराब वायसर किती?" मी विचारलं.

त्याने खोक्यात हात घालून चारही कोपरे चाचपले. "एकही नाही," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याने असे काढले, जणू दाढ उपटतोय.

"मग पुढचा गोळा काढायचा?"

काढला. तोही, त्यापुढचाही. ओढाळ होते ते घाटाखाली गेले होते, मागे उरले ते सगळे गरीब गायीसारखे. नमुन्यात एक वायसर खराब नाही. त्याच्याच हिशोबाने माल पास! नेव्ह अंगावरची धूळ झटकत म्हणाला, "क्लेम, तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही, पण हे वायसर मी घेतो." त्या मालातला एक पंप कधी हवा प्यायला नाही. त्यातलाच एखादा समोरच्या चक्कीखाली अजून चालत असेल.

मर्व्हची शेड वाचली. त्याने पुढे प्रत्येक माल आधी ब्लूईला दाखवायची पद्धत ठेवली. ब्लूई गुरगुरला की तो वायसर बाद. मागची खोली रिकामी राहिली. आणि त्या रविवारी, ट्रेव्हर, बेरिलने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात मटणाचा कडेचा कुरकुरीत तुकडा वाढला, जो तोवर फक्त तिच्या भावाला मिळायचा. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "क्लेम, माझ्या भावासाठी तू—"

ट्रेव्हर माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मशीन केव्हाच थांबलं होतं. बेरिल ओल्या कपड्यांची बादली कमरेवर घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बेरिल," ट्रेव्हर खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाला, "काय कुत्रा होता गं तुझ्या भावाचा!"

तिने बादली खाली ठेवली.

"चामडं चाललं, खोकं हंबरलं, तेवढं मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "पण क्लेम, आम्ही चौघी बहिणी. मला भाऊ कधी झाला?"